बदललेलं बिऱ्हाड

१९ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे उघडलंच नसतंस, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. पाकीट आईचं, आत मी. सुरुवातच फसवणुकीनं झाली, पण उघडलंच आहेस तर वाच.

आईला म्हटलं, कामाचं पत्र आहे. ती म्हणाली, "सात वर्षांनी काम निघालं वाटतं." आणि पत्ता लिहून होईपर्यंत चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. ती बरी आहे. गुडघे दुखतात, पण शिलाईचं मशीन सोडत नाही. तुझ्या वहिनीनं मशीनला मोटर बसवून दिली, तर "मोटर पळते, माझा हात मागं राहतो" म्हणून चार दिवसांत काढायला लावली. हे सगळं ती तुला फोनवर सांगतच असेल. तू आमच्याबद्दल विचारतेस का, ते मात्र ती सांगत नाही. मीही विचारत नाही.

काम असं आहे. प्रयोगशाळेत यंदा एक नवी विद्यार्थिनी आली आहे. तुझ्याच जागेवर बसते, खिडकीजवळच्या. मॅडमनी तिला तुझंच जुनं काम दिलंय, तळ्यातल्या माशांच्या आतड्यातले कॉक्सिडिया. आई अजून शेजारणींना तुझ्याच शब्दांत सांगते: "माशाच्या आतड्यात एका पेशीएवढे जीव बिऱ्हाड करून राहतात. प्रत्येक जातीच्या माशाचे भाडेकरू वेगळे. आणि मासे जसे एकमेकांचे नातेवाईक, तसे त्यांचे भाडेकरूही एकमेकांचे नातेवाईक. म्हणून माझी लेक भाडेकरूंची वंशावळ काढते." तू काम सोडलंस हे ती त्यांना सांगत नाही.

तर या मुलीनं गेल्या मंगळवारी लांबतोंड्याच्या आतड्यातल्या कॉक्सिडियाचा डीएनए वाचला आणि वंशवृक्षात बसवला. तो इतर मोठ्या शिकारी माशांच्या भाडेकरूंजवळ बसायला हवा होता. बसला कुठे, तर ठिपकीच्या फांदीवर. तीच ती बोटाएवढी मासोळी, ठिपकी. मुलगी कागद घेऊन माझ्याकडे धावत आली. "सर, माझं काहीतरी चुकलंय."

मी कागद बघितला. मग चहा घेऊन येतो म्हणून बाहेर पडलो आणि इमारतीला तीन फेऱ्या मारल्या. चहा घेतलाच नाही.

तुझ्या वेळीही हेच आलं होतं. तीच फांदी, तीच जागा. तेव्हा तो आतड्याचा तुकडा मिळाला नाही, त्यामुळे पुढे काही झालं नाही. तुझं बरोबर होतं असं दिसतंय. कळावं म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

तुझा दादा


३ मार्च

प्रिय टिटवे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मी जिना उतरून खाली जातो. त्याला वाटतंय माझी कुठलीतरी कोर्टाची नोटीस यायची आहे.

काल तळ्यावर गेलो. माझं काम नमुने सांभाळायचं, धरायचं नाही, पण मुलीला म्हटलं मी येतो. तिला होडीत मळमळतं, तिला बरंच वाटलं. नावाडीमामा तेच आहेत, फक्त दात कमी झालेत. मी होडीत एकदा पुढे, एकदा मागे सरकत होतो, तर म्हणाले, "होडी लहान आहे, फेऱ्या मारायला जागा नाही. बसा." मग जाळं ओढता ओढता त्यांनी विचारलं, "तुमची बहीण येत नाही हल्ली? ती मासा आधी मोजायची, मग त्याची माफी मागायची, मग कापायची. असं दुसरं कुणी बघितलं नाही मी."

मी म्हटलं, ती आता मत्स्यबीज केंद्रात असते, माशांची पिल्लं वाढवते.

"म्हणजे माफी फळाला आली," म्हणाले.

अकरा लांबतोंडे मिळाले. किनाऱ्यावरच टेबल लावून कापले. मॅडमची तेव्हाची शंका तुला पाठच असेल. लांबतोंड्या दिवसभर ठिपक्याच खातो. ठिपकीच्या आतड्यातल्या कॉक्सिडियाच्या पुट्या, त्या बियांसारख्या बारीक पिशव्या, त्याच्या पोटात उतरणार आणि मागच्या दारानं बाहेर पडणार. वाटेत आपण त्या पकडल्या म्हणजे त्या तिथे राहतात असं होत नाही. "पाहुणा आणि भाडेकरू यांत फरक असतो," हे त्यांचं वाक्य. तू म्हणत होतीस की पाहुणा नाही, त्यानं कधीतरी घर बदललंय. ठिपकीकडून निघून लांबतोंड्याकडे बिऱ्हाड केलंय आणि आता तिथलाच झालाय. ते सिद्ध करायला आतड्याची भिंतच हवी. भिंतीच्या पेशींच्या आत तो वाढताना दिसला तर भाडेकरू, नुसत्या पोकळीत दिसला तर पाहुणा.

म्हणून मी आतडी आधी आतून धुऊन घेतली, जेवलेलं सगळं वाहून जाऊ दिलं. मग अस्तर खरवडून काचेवर घेतलं. अकरांपैकी चारांत पुट्या होत्या. साबणाच्या फुग्यासारखी पातळ कड, आत चार दाणे, आणि भोवती तो पिवळट पुंजका. मला वाटलं होतं मी विसरलो असेन. नाही विसरलो.

चारही आतड्यांचे तुकडे फॉर्मलिनमध्ये घातले. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आत पेन्सिलीनं लिहिलेल्या वेगळ्या, झाकणांवरही आकडे. रजिस्टरात नोंद केली. घरी आल्यावर जेवता जेवता उठलो, परत प्रयोगशाळेत जाऊन नोंद केली आहे ना ते बघून आलो. तुझी वहिनी म्हणाली, गॅस बंद केलाय का ते बघायला लोक परततात, माशाचं आतडं बघायला जाणारा तू पहिलाच.

दादा


११ मार्च

टिटवे,

तुकडे मेणात बसवून काप काढले, रंगवले. काल मॅडम, ती मुलगी आणि मी, तिघांनी बघितले. पेशींच्या आत आहेत. लहान, मोठे, अर्धवट वाढलेले, सगळ्या वयाचे. भाडेकरूच आहे.

मॅडम सहसा आवाज चढवत नाहीत, काल त्यांनी टेबलावर थाप मारली. "लगेच लिहायला घ्या," मुलीला म्हणाल्या. "घर बदलल्याचा इतका स्वच्छ पुरावा आपल्याकडे पहिल्यांदाच."

मी म्हटलं, "मॅडम, पहिल्यांदा म्हणजे... आधीही एकदा..."

"तिच्याकडे पुरावा नव्हता हो," त्या म्हणाल्या. "तुकडा ठेवलाय म्हणाली, पण तुमच्याकडे ती बाटली आलीच नव्हती ना? तुम्हीच सांगितलंत."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो."

कालपासून पाय जागेवर थांबत नाहीत. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. आई मशीनवरून म्हणाली, "पट्टा सुटल्यासारखा काय फिरतोस? बस तरी, नाहीतर बाहेर तरी जा. माझी शिवण वाकडी होतेय." माझी लेक माझ्या मागे मागे फेऱ्या मारायला लागली, तिला तो खेळ वाटला. ती आता सात वर्षांची होईल. तू तिला बघितलेलंच नाहीस.

तुला एक सांगायचं होतं. त्या वेळी रजिस्टरात त्या बाटलीची नोंद मी केलेली नव्हती. म्हणजे तू दिली असशील, आणि नोंद करायची राहून गेली असेल. तपासणी समिती यायची होती, खूप गडबड होती. मला नीट आठवत नाही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे, खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशीलच.

दादा


१३ मार्च

मला नीट आठवतं.

हे पत्र सकाळपासून चौथ्यांदा सुरू करतोय. डबा खायच्या सुट्टीत मागच्या व्हरांड्यात बसून लिहितोय, मांडीवर फाईल धरून.

गुरुवार होता. समिती शुक्रवारी यायची होती. मॅडमनी सांगितलं होतं की मागचं शेल्फ रिकामं करा, जुन्या बाटल्यांचा ढीग समितीला दिसायला नको. तू बुधवारी बाटली आणून माझ्या हातात दिली होतीस. "दादा, ही सांभाळ. माझा जीव आहे यात," म्हणालीस. मी म्हटलं, हो, ठेव तिथे. मी फोनवर होतो. तू ती शेल्फच्या कडेला ठेवलीस. नोंद नंतर करू म्हटलं आणि राहिली.

गुरुवारी मी एकामागून एक बाटल्या ओतत गेलो. चिठ्ठ्या वाचल्या नाहीत. पन्नास-साठ असतील. शेवटी मोरीच्या जाळीत अडकलेला गाळ काढताना एक पेन्सिलीची चिठ्ठी हाताला लागली. तुझं अक्षर. तारीख आदल्याच दिवशीची. मी उकिरड्याच्या पिंपात हात घालून शोधलं. पन्नास माशांची पन्नास आतडी, कुठलं तुझं कसं कळणार? फॉर्मलिननं डोळे चुरचुरत होते, म्हणजे रडत होतो असं नाही.

चिठ्ठी खिशात घातली. ती मी नंतर फाडली.

त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. आधी फ्रीज उघडा राहिल्याबद्दल मॅडमनी मला एकदा लेखी ताकीद दिली होती, दुसरी मिळाली तर कायमचं विसरा असं स्पष्ट सांगितलं होतं. तुझ्या वहिनीला सातवा महिना होता. हे कारण म्हणून लिहीत नाही. लिहीत आहे खरं तर कारण म्हणूनच.

सोमवारी मॅडमनी आपल्याला दोघांना खोलीत बोलावलं. मला वाटत होतं तू म्हणशील की तुकडा हरवला असेल, दुसरा आणते. तू म्हणालीस, "मी दादाकडे दिलाय." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाटली माझ्याकडे दिलीच नव्हती." किती सहज म्हटलं ते मला अजून ऐकू येतं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्यानंतर मॅडमना तुझं काहीच खरं वाटेना. नवे मासे धरायला पुढचा वसंत लागला असता, हे जीव वर्षातून तेवढेच दोन महिने दिसतात. तू पंधरा दिवसांत सामान बांधलंस. जाताना मी तुझी पेटी रिक्षात ठेवली आणि "काळजी घे" म्हटलं.

उद्या मॅडमना सांगणार आहे.


१९ मार्च

टिटवे,

सांगितलं नाही.

शुक्रवारी मॅडम बैठकीत होत्या. शनिवारी त्यांचा घसा बसला होता. सोमवारी मी दारापर्यंत गेलो, दार वाजवलं, आत गेलो आणि विचारलं, "काप काढायचं पातं बदलायला झालंय, मागवू का?" त्या म्हणाल्या मागवा. आता नवं पातं येईल. जुनं चांगलं आहे.

तिकडे ती मुलगी भराभर लिहितेय. मुलगी चांगली आहे. तुझ्या जुन्या प्रबंधाचा अर्धवट मसुदा तिला कपाटात सापडला. तो वाचून माझ्याकडे आली. "सर, यांनी तर सगळं आधीच लिहून ठेवलंय. फक्त तुकडा नाही. यांनी तुकडा खरंच ठेवला नसेल का?" तिचा प्रश्न सरळ होता. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे.

कुणालातरी सांगायलाच हवं म्हणून रविवारी तुझ्या वहिनीला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. चिमटे तोंडात तसेच राहिले. मग एक एक काढून तिनं ते दोरीवर लावले, कपडा नसताना. म्हणाली, "सात वर्षं मी तिला तिरसट म्हणतेय. नणंद म्हणून एक फोन करत नाही, भाची झाली तरी आली नाही, किती गर्व. तुझ्यासमोर म्हणतेय. आणि तू ऐकून घेतलंस?"

मी म्हटलं, मी कधी हो म्हटलं नाही.

"नाहीपण म्हटलं नाहीस," ती म्हणाली, आणि रिकामी बादली उचलून आत गेली. तेव्हापासून कामापुरतं बोलते. मीठ दे, दार लाव, एवढंच.

तेराचं पत्र तुला मिळालं असेल. तू काहीही लिही. शिव्या दे. पण लिही.

दादा


२७ मार्च

टिटवे,

तुझं कार्ड आलं. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय, तरी इथे उतरवतो. तुझे शब्द माझ्या हातानं लिहून बघायचेत.

"दादा, बाटलीच्या झाकणावर मी सुईनं आकडा कोरला होता. ते झाकण गुरुवारी संध्याकाळी धुतलेल्या भांड्यांच्या रॅकवर पालथं पडलेलं मी बघितलं. तू ओतलंस हे मला तेव्हाच कळलं. चुकून ओतलंस हेही कळलं. सोमवारपर्यंत वाट बघितली, तू स्वतः सांगशील म्हणून. मग खोलीत तू ते बोललास. मी तुला वाचवलं असं काही मनात आणू नकोस, मला तेवढं मोठेपण नको. मी फक्त बघत होते तू कधी बोलतोस ते. आता मला काय सांगतोस? मला आधीच माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

कार्ड उघडं आलं, म्हणजे पोस्टमननंही वाचलं असणार. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, हातात दिलं आणि गेला. त्याच पावली मी प्रयोगशाळेत गेलो. चप्पल घरातलीच होती.

मॅडम एकट्या नव्हत्या, ती मुलगी समोर बसली होती. म्हटलं बरंच झालं. उभ्याउभ्याच सांगितलं. बाटली माझ्या बहिणीनं दिली होती, मी ओतली, तुम्हाला खोटं सांगितलं, आणि दहा तारखेला पुन्हा खोटं सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का मी तुमच्या बहिणीला काय काय बोलले ते? या खोलीत? मी तिला म्हटलं होतं, पुरावा नसताना निष्कर्ष काढणं ही चूक असते, पण नसलेला पुरावा आहे म्हणणं हा गुन्हा असतो."

"मी तिथेच होतो, मॅडम."

"होतात ना. मग?"

मग त्या खिडकीकडे बघत, जरा हळू म्हणाल्या, "मी तरी तिला दुसरा प्रश्न कुठे विचारला? कुठे ठेवलीस, केव्हा दिलीस, काही नाही. तुमचं एक वाक्य पुरलं मला. रजिस्टर समोर होतं, समिती नुकतीच शाबासकी देऊन गेली होती. सोयीचं वाटलं."

चौकशी होईल. तोपर्यंत नमुन्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे नाही. भांडी धुणं आणि काचसामान मोजणं एवढं काम आहे. नोकरी राहील की जाईल ते मॅडमच्या हातात नाही, वरचे ठरवतील. आईला मी जेवताना सांगितलं. ती घास हातात धरून बसली. म्हणाली, "म्हणजे माझ्या एका लेकराचं मी सात वर्षं चुकीचं समाधान करत होते. मी तिला म्हणायची, दादा खोटं बोलणार नाही, तूच विसरली असशील." आणि ताट सारलं.

मॅडम तुला स्वतः लिहिणार आहेत. ये म्हणणार आहेत. मी ये म्हणत नाही, मला तो हक्क नाही. पण काप बघण्यासारखे आले आहेत.

दादा


२० एप्रिल

टिटवे,

तू येऊन गेलीस त्याला आठ दिवस झाले. समोर असताना मी तुझ्याशी मोजून सहा वाक्यं बोललो, त्यातली दोन बसच्या वेळेबद्दल होती. म्हणून उरलेलं लिहितोय.

तू खिडकीजवळ बसून तीन तास मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाहीस. मी दाराबाहेर बीकर पुसत होतो. तोच बीकर पुसत होतो. मला वाटलं होतं पहिला काप बघताना तुझ्या तोंडावर काहीतरी दिसेल. तू फक्त म्हणालीस, "याहून पातळ काढता आला असता." काढता आला असता, खरं आहे.

मुलीचा वंशवृक्ष बघून तू जे बोललीस ते मात्र मी ऐकत राहिलो. ती बिचारी वहीत उतरवून घेत होती. "मुळाशी कोंबडीच्या भाडेकरूची जात का लावलीस? तिला बाहेरची धरलं की माशांचे सगळे एका घरचे दिसणारच. ते तसे नाहीत. माशांच्या काही फांद्या कोंबड्या-सशांच्या भाडेकरूंच्याही आधी फुटलेल्या आहेत. सगळ्यांच्या बाहेरचं काहीतरी मुळाशी लाव, मग बघ कोण कुणाचं." मुलीनं दुसऱ्या दिवशी तसं केलं. झाड उलगडलं. माशांचे तीन वेगळे गट झाले, आणि लांबतोंड्याचा आपला भाडेकरू ठिपकीच्या फांदीवर होता तिथेच, पण आता त्याची स्वतःची डहाळी आहे. म्हणजे घर सोडून त्याला बराच काळ लोटलाय. मुलगी नाचत होती. मॅडम म्हणाल्या, "सात वर्षं मी हे डोकं माशांची पिल्लं मोजायला लावलं." तू ते ऐकलं नाहीस, तेव्हा तू आईकडे होतीस.

आईकडे काय बोलणं झालं ते मला कुणी सांगत नाही. तुझी वहिनी स्वयंपाकघरात तुझ्याशी अर्धा तास बोलत होती, दार लोटून. बाहेर आलीस तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. माझी लेक मला विचारते, "आत्या इतकी मोठ्यानं हसते, तर तू तिला आधी का नाही आणलंस?" मी तिला खरं सांगितलं, तिला समजेल इतकं. ती म्हणाली, "मग तू तिला सॉरी म्हटलंस का?" मी म्हटलं, पत्रात. तिला ते पटलं नाही.

बस स्टँडवर मी तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. तू आधी बोललीस. "मॅडम शोधनिबंधावर माझं नाव पहिलं घालतायत. मी म्हटलं, त्या मुलीचं आणि माझं बरोबरीनं घाला. ते ठरलं. पण मूळ नमुना आता का नाही, हे निबंधात लिहावं लागेल. मॅडमनी लिहिलंय, 'मूळ नमुना उपलब्ध नाही.' ते मला चालणार नाही. ते वाक्य तू लिही."

बस हलल्यावर तू हात केलास की खिडकी बंद केलीस, ते मला नक्की कळलं नाही.

वाक्य लिहितोय. पहिलं लिहिलं: "मूळ नमुना हाताळणीदरम्यान नष्ट झाला." वाचलं आणि लाज वाटली. नमुना आपला आपण नष्ट होत नाही. मग लिहिलं: "मूळ नमुना तंत्रज्ञांकडून चुकून टाकला गेला." टाकला गेला! कोण हे तंत्रज्ञ, दहा-बारा असल्यासारखे? चार दिवस असंच चाललंय. एका वाक्यासाठी वही संपत आली. मॅडमनी लिहिलं तर कारकुनी वाटतं, मी लिहिलं तर चोर पळतोय असं वाटतं.

आता जे झालंय ते वेगळ्या कागदावर सोबत पाठवतोय. हवं ते खोड.

दादा


१६ मे

प्रिय टिटवे,

कागद परत आला. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या.

मी लिहिलं होतं: "सात वर्षांपूर्वी याच परजीवीचा पहिला नमुना संशोधिकेनं योग्य रीतीनं जतन करून माझ्याकडे दिला होता. भीतीपोटी मी घाईत तो चिठ्ठी न वाचता ओतून दिला, आणि विचारणा झाल्यावर तो मला मिळालाच नव्हता असं सांगितलं."

"भीतीपोटी" तू खोडलंस. मॅडमनीही तेच खोडलं होतं, निबंधात कारणं लागत नाहीत म्हणून. ओतताना मला कसली भीती होती? भीती नंतरची. बरं केलंस.

"घाईत"ही खोडलंस. ठीक आहे.

"न वाचता"च्या खाली रेघ होती. मला वाटलं तेही जाणार. समासात तू बारीक अक्षरात लिहिलं होतंस: "हे खरं आहे. राहू दे." ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आणि शेवटी "असं"च्या पुढे बाण काढून एक शब्द घातला होतास. तो मी घातला. आता ते "असं खोटं सांगितलं" असं आहे. खाली माझं नाव, हुद्दा, तारीख. मॅडमनी वाचून मान हलवली. म्हणाल्या, असं वाक्य त्यांनी कुठल्याच निबंधात बघितलेलं नाही. मुलीनं ते टाईप केलं, मी शेजारी उभा राहून बघितलं. फेऱ्या मारल्या नाहीत.

निबंध आज दुपारी गेला.

तुझा
दादा